हुबेहूब

सगळं सभागृह रडायच्या बेतात असताना तनुजा हसली. फार मोठ्याने नाही, पण पुढच्या दोन रांगा वळून बघतील एवढं. पडद्यावर त्या वेळी एक देखणा, दाढी वाढलेला माणूस खिडकीशी उभा होता आणि त्याच्यासमोर त्याची बायको. म्हणजे बायको नव्हेच. बायको अपघातात गेलेली, आणि ही एका कंपनीने तिच्यासारखी करून दिलेली यंत्राची बाई. कातडी खरी वाटणारी, केस खरे वाटणारे, डोळ्यांत पाणी यायचीसुद्धा सोय केलेली. नाव तेच, गेलेल्या बायकोचं. परदेशी सिनेमा होता, बोलणं हिंदीत केलेलं. त्या बाईने विचारलं, मला कोणता रंग आवडतो? तो म्हणाला, निळा. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, मला निळा रंग आवडतो. मागे व्हायोलिन सुरू झालं, नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या कॉलेजातल्या पोरींनी रुमाल काढले, आणि तनुजाच्या पोटातून हसू असं उसळून आलं की पदराचा बोळा तोंडाशी जाईपर्यंत ते बाहेर पडूनही गेलं होतं. शेजारी बसलेल्या बालाजीने, तिच्या नवऱ्याने, तिचा हात दाबला. दुसऱ्या हाताने तो स्वतःचे डोळे पुसत होता. "हळू, आरती," तो म्हणाला. "लोक बघून राहिलेत."

तर एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. तिला तनुजा म्हणणारं त्या सभागृहात कुणी नव्हतं. आधार कार्डावर, रेशन कार्डावर, गॅसच्या पुस्तकावर, नांदेडच्या सिडकोतल्या महिला मंडळाच्या यादीत, सगळीकडे ती सव्वीस वर्षांपासून आरती होती. तनुजा हे नाव घेणारं शेवटचं माणूस म्हणजे तिची आई, आणि ती सहा वर्षांपूर्वी शिरूर अनंतपाळला वारली; तीसुद्धा ते नाव घ्यायची ते आजूबाजूला कुणी नाही असं बघून, हळूच. पण ही गोष्ट तिची आहे, आणि निदान इथे तिला तिच्या नावाने हाक मारायला कुणाच्या सासूची परवानगी लागत नाही.

हसू दाबून ती पडद्याकडे बघत बसली, पण आता तिला दिसत होतं ते वेगळंच. लातूरच्या घरातली मधली खोली, तिच्या लग्नानंतरचा तिसरा दिवस, आणि सासूबाई केवळाबाई ट्रंकेपुढे मांडी घालून बसलेल्या. ट्रंकेत गोदाक्काच्या, तनुजाच्या गेलेल्या थोरल्या बहिणीच्या, साड्या. एकेक साडी उचलून त्या नाकाशी धरत होत्या, मग तनुजाच्या मांडीवर ठेवत होत्या. मोरपंखी साडी हातात आली तेव्हा त्यांचे डोळे भरले. "आरतीला मोरपंखी लई आवडायचा," त्या म्हणाल्या. "तुला बी आवडंल." आणि वीस वर्षांची तनुजा, जिला तोवर आयुष्यात पिवळ्याशिवाय दुसरा रंग सुचला नव्हता, क्षणभर थांबून म्हणाली होती, "हाव." बस, तेवढंच. पडद्यावरची बाई जेवढा वेळ थांबली तेवढाच वेळ तीही थांबली होती. कंपनीने कातडी कशी केली, केस कसे केले याचं पोरींना नवल वाटत होतं. तनुजाला वाटलं, एवढा खटाटोप कशाला केला म्हणते मी, एखाद्या शिरूरच्या बापाला विचारलं असतं तर त्याने घरातली आयती आणून दिली असती.

शिरूरचे अण्णाराव, तिचे वडील, यांना दोन मुली. थोरली गोदावरी, धाकटी तनुजा. गोदाक्काचं लग्न लातुरात झालं, आणि सासरी रिवाजाप्रमाणे ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं: आरती. तीन वर्षांत तिला कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत ती गेली. मागे दीड वर्षाचा वीरभद्र. तेराव्याची पंगत उठली नव्हती तोवर अण्णाराव आणि केवळाबाई ओसरीवर बसले आणि उठले तेव्हा ठरलेलं होतं. लेकराला परक्या बाईच्या हातात कसं द्यायचं, हा त्यांचा मुद्दा. मुद्दा खरा होता, हीच तर पंचाईत. खोट्या मुद्द्याशी भांडता येतं. मावशीच्या कडेवरून उतरायला तयार नसलेलं ते पोर तेव्हा तिच्या मानेत तोंड खुपसून झोपलेलं होतं, आणि तनुजा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा सोडून बोहल्यावर उभी राहिली. पुन्हा ताट आलं, पुन्हा तांदूळ पसरले. काय नाव घालायचं, म्हणून गुरुजींनी अंगठी हातात धरून विचारलं. बालाजी खाली मान घालून बसला होता. केवळाबाई म्हणाल्या, "आरतीच घाला. घराला सवय हाय."

घराला सवय हाय. हे वाक्य तनुजाला पुढे कितीदा तरी, भांडी घासताना, बसच्या खिडकीत, कधी रांगेत उभं असताना मध्येच ऐकू यायचं. केवळाबाई वाईट नव्हत्या. त्या वाईट असत्या तर सगळं सोपं झालं असतं. त्यांनी हिला शिव्या दिल्या नाहीत की उपाशी ठेवलं नाही. उलट मायेने शिकवलं. भांग असा मधोमध नको, जरा डावीकडं, आरती असा पाडायची. कुंकू जरा मोठं. खीर करताना जायफळ दोनदा किसायचं, आरतीच्या हाताला ती चव होती. आरती मोठ्यानं बोलायची न्हाई. आरती चालायची तर पायाचा आवाज यायचा न्हाई. तनुजा शिकत गेली. मुकी बिचारी कुणीही हाका, म्हणतात तसं. पहिली दोन वर्षं तिला वाटायचं की आपण हे गोदाक्कासाठी करतोय, विरूसाठी करतोय. नंतर वाटायचंच बंद झालं. हात आपोआप जायफळाकडे दोनदा जायचा.

आणि या सगळ्यात जी गोष्ट कुणाला म्हणजे कुणालाच सांगता आली नव्हती ती अशी, की गोदाक्का तशी नव्हतीच. गोदाक्काचा आवाज तीन शेतांपलीकडे जायचा. दोन बोटं तोंडात घालून ती अशी शिटी मारायची की औत धरलेला गडी थांबून बघायचा. चिंचोके खेळताना ती दरवेळी लबाडी करायची आणि पकडली गेली की वर उलट भांडायची. कडक भाकरीवर लसणाचा ठेचा आणि फोडलेला कांदा, डोळ्यांतून धारा लागेपर्यंत, हे तिचं जेवण. खीर दिसली की तोंड फिरवायची. आणि मोरपंखी? लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला माहेरी आली तेव्हा तीच साडी अंगावर होती. गोठ्यामागे बसून शेंगा फोडता फोडता ती म्हणाली होती, "ह्या रंगात मी मलाच भुतावानी दिसते गं तनू. पर सासूनं हौसेनं घेतली, काय बोलू? तिकडं मी दुसरीच बाई हाय. तिला मी बी वळखत न्हाई." आणि मग हसली होती, तिचं ते तीन शेतांपलीकडे जाणारं हसू. म्हणजे केवळाबाईंनी जिची नक्कल करून घेतली ती बाई कधी जन्मालाच आली नव्हती. नवी सून घाबरून, नाहीतर शहाणपणाने, तीन वर्षं जे सोंग घेऊन वावरली, त्या सोंगाचं सोंग तनुजा सव्वीस वर्षं करत होती.

पडद्यावर त्या माणसाला बायकोची आठवण आली की ती नेहमी समुद्राकाठी दिसायची, पुढे धावणारी आणि मागे वळून हसणारी. चार वेळा तेच. कुठली बाई अशी सारखी मागे बघत धावते, तनुजाच्या मनात आलं, ठेच लागून पडेल की. तिला काय आवडत नव्हतं? तिचं पोट कधी दुखायचं? ती या माणसाच्या पाठीमागे बहिणीला काय सांगायची? हे कुणीच त्या कंपनीला कळवलं नव्हतं, कारण ते त्या माणसाला ठाऊकच नव्हतं. मग जी बाई करून आली ती त्याच्या बायकोसारखी कशी? ती त्याच्यासारखीच झाली असणार, नुसती साडी नेसवलेली.

दिवे लागले. सिनेमा मंडळाच्या पोरापोरींनी खुर्च्या मांडल्या. त्यांतच तनुजाची लेक रेणुका होती, कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला. तिच्याच आग्रहाने दोघं नवराबायको सिनेमाला आले होते. शिवप्पा सर नावाचे एक तरुण प्राध्यापक माइक घेऊन उभे राहिले आणि त्यांनी विचारलं की माणसाची जागा यंत्र घेऊ शकेल का. पोरं बोलली. एक म्हणाला घेईल, एक म्हणाला आत्मा नाही. एका मुलीने त्या बिचाऱ्या माणसाच्या एकटेपणाबद्दल फार सुंदर सांगितलं. यंत्राच्या बाईबद्दल कुणीच बोललं नाही. ती सिनेमाच्या शेवटी डब्यात परत गेली होती. आणि मग तनुजाच्या शेजारून हात वर झाला. बालाजी चोवीस वर्षं त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता, पोरांमध्ये आवडता, टाळ्या पडल्या. तो माइक घेऊन उभा राहिला, दोनदा खाकरला. "त्या माणसाचं दुःख मला कळतं," तो म्हणाला. "माझी पहिली बायको लहान वयात वारली. मला वाटलं संपलं सगळं. पण देवाची दया. ह्याच्यावानी मला यंत्र आणावं लागलं न्हाई." इथे त्याचा आवाज कापरा झाला आणि त्याने तनुजाकडे बघितलं. "मला तशीच मिळाली. हुबेहूब तशीच."

सभागृह टाळ्यांनी दणाणून गेलं. समोरच्या रांगेतली एक पोरगी मागे वळून तनुजाकडे ओल्या डोळ्यांनी हसली. रेणुकाने खुर्चीवरून दोन टाळ्या वाजवल्या आणि आईच्या तोंडाकडे बघून थांबली. बालाजी बसला, त्याने पुन्हा तिचा हात हातात घेतला, आणि त्याच्या चेहऱ्यावर एवढं समाधान होतं, इतकं निर्मळ, की तनुजाला त्याची कीव आली आणि त्याच क्षणी असा राग आला की कानशिलं तापली. कुणी तोंडावर थुंकलं असतं तर पुसून टाकता आलं असतं. हे कौतुक होतं. हे कसं पुसायचं? ब्लाउजच्या आत, मंगळसूत्राच्या वाट्यांखाली, तिला टाक जाणवला. चांदीचा, नखाएवढा, त्यावर एक बाई उठवलेली, हात खाली सोडून उभी. पहिली बायको गेली की दुसरीने तिचा टाक गळ्यात घालायचा, म्हणजे गेलेली रुसत नाही, त्रास देत नाही. लग्नाच्या दिवशी घातला तो. नवी साडी आली की आधी टाकाला लावायची आणि मग नेसायची. लातूरच्या गंजगोलाईतल्या सोनाराने केलेली ती बाई गोदाक्कासारखी मुळीच दिसत नव्हती. ती कुणासारखीच दिसत नव्हती.

घरी आल्यावर रेणुकाने विचारलंच. बालाजी दूध आणायला खाली गेला होता. "आई, तू मधेच हसलीस कामून?" तनुजा कोथिंबीर निवडत होती. तिने हातातली काडी खाली ठेवली आणि सांगितलं. तांदळाचं ताट, अंगठी, घराला सवय हाय, सगळं. विरूची खरी आई आपली मावशी होती हे रेणुकाला ठाऊक होतं, हैदराबादेत नोकरीला असलेला विरू फोनवर अजून आईला एकट्यात 'माऊ' म्हणतो हेही ठाऊक होतं. पण बाकीचं? "तनुजा?" ती म्हणाली. "आजी कधीकधी हळूच म्हणायची. मला वाटायचं ते तुझं लाडाचं नाव हाय." एकवीस वर्षांची, यंत्रांना बोलायला शिकवणारी पोरगी, आणि आईचं नाव तिला लाडाचं वाटत होतं. दोष तिचा नव्हता. तनुजानेच कधी सांगितलं नव्हतं. न सांगणं हेही तिला शिकवलेलं होतं आणि ती हुशार विद्यार्थिनी होती.

रात्रीच्या जेवणाला बालाजी खुशीत होता. पोरांनी त्याला फोटो पाठवले होते. तनुजाने भाकरी वाढता वाढता विचारलं, "तशीच म्हंजी कशी हो?"

"तशीच म्हंजी चांगली. आनिक कशी?"

"तिला काय आवडायचं?"

"खीर," तो म्हणाला, जराही न थांबता. "मोरपंखी रंग. शांतता."

"आन मला?"

तो थांबला. खरंच विचारात पडला. घास हातात तसाच. मग त्याला उत्तर सापडलं आणि त्याचा चेहरा उजळला. "तुला बी तेच की," तो म्हणाला.

रेणुकाने ताटावरून मान वर केली नाही. तनुजाने तव्यावरची भाकरी उलटली आणि त्याच वेळी, कसलाही गाजावाजा न होता, तिचं ठरलं. पाच दिवसांवर अहेव नवमी होती. नवऱ्याआधी गेलेल्या बायकांचा पित्रपंधरवड्यातला दिवस. त्या दिवशी गेलेलीच्या नावाने एक सवाष्ण पाटावर बसवायची, तिला साडीचोळी करायची, तिच्या आवडीचं वाढायचं. ती जेवली की गेलेली जेवली. दरवर्षी दोघं त्यासाठी लातूरला जात. आणि पहिल्याच वर्षी, शेजारची सवाष्ण बाळंतपणाला गेली म्हणून, केवळाबाईंनी म्हटलं होतं, "घरातच सवाष्ण असताना बाहीरची कशाला? ही जेवली काय, ती जेवली काय." तेव्हापासून गोदाक्काच्या पाटावर तनुजा बसत आली. मोरपंखी साडी नेसून, बहिणीच्या नावाने, बहिणीला न आवडणारी खीर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत शेवटच्या चमच्यापर्यंत. पंधरा मिनिटं ती मेलेली असायची. मग उठून भांडी घासायची.

निघताना तिने पिशवीत एक डबा जास्तीचा घेतला. लोहा, अहमदपूर, चाकूर. बस नेहमीच्या खड्ड्यांवरून नेहमीसारखी आदळत गेली. बालाजी तिच्या खांद्यावर झोपला. सोयाबीन काढणीला आलेलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पिवळं, आणि त्या पिवळ्याकडे बघून तिला एकाएकी एवढी भूक लागली की चाकूरला तिने उतरून शेंगदाण्याची पुडी घेतली आणि एकटीने संपवली. ती भीत होती का? होती. सासू एक्क्याऐंशीची, तिचं काही बरंवाईट झालं तर? लोक म्हणतील, एवढी वर्षं काढली, आता उतारवयात नावासाठी तोंड वर केलं. म्हणू देत. सव्वीस वर्षं लोक काय म्हणत होते? लोक तिला म्हणतच नव्हते, दुसऱ्याच कुणाला म्हणत होते. पण मागे हटली तर काय होईल हे तिला नीट दिसत होतं: एक दिवस ती मरेल आणि नवमीला कुणीतरी आरतीच्या नावाने खीर वाढेल, आणि पाटावर दोघींपैकी एकही नसेल.

नवमीला सकाळपासून धाकट्या जावेबरोबर तिने सगळा स्वयंपाक केला. वडे, भजी, कढी, खीर, जायफळ दोनदा. बारा वाजता केवळाबाई भिंतीला धरून आल्या आणि पाटासमोर खुर्चीवर बसल्या. रांगोळी झाली. ताट वाढलं. शेजारी नवी साडी, घडीची, मोरपंखी.

"आरती, बस गं," केवळाबाई म्हणाल्या.

तनुजा बसली नाही. तिने ब्लाउजच्या आत हात घातला, टाकाचा काळा दोरा बाहेर ओढला आणि विळीच्या पात्यावर धरून तोडला. टाक पाटावर ठेवला. खिरीची वाटी ताटातून उचलून बाजूला केली. मग पिशवीतून डबा काढला आणि ताटात वाढलं: कडक भाकरी, लसणाचा ठेचा, आणि बुक्की मारून फोडलेला कांदा. कांद्याचा वास त्या पित्राच्या खोलीत असा पसरला की दारात उभ्या जावेने पदर नाकाला लावला.

"अगं ए," केवळाबाई म्हणाल्या. "पित्राच्या ताटात कांदा?"

"तिला आवडायचा."

"आरतीला?"

"आरतीला न्हाई. गोदावरीला. माझ्या बहिनीला." तनुजाचा आवाज कापत होता, पण तो मोठा होता; तिला स्वतःलाच कळेना हा कुणाचा आवाज. "खीर तिला बघवत नव्हती, आत्याबाई. मोरपंखी बी. तुमाला वाईट वाटू ने म्हनून नेसायची. ती शिटी मारायची. तुमी ऐकली का कवा तिची शिटी?"

बालाजी उठून आला. "काय तमाशा करून राहिलीस? पित्राच्या दिवशी?"

"तमाशा सव्वीस साल चालू हाय," ती म्हणाली. "मी आज सोंग उतरून ठिवून राहिले, एवढंच. तुमी भर सभेत सांगितलं, हुबेहूब तशीच. कुनासारखी? जिच्यासारखी म्हनता तिला तुमी बघितलंच न्हाई. आन मला बी न्हाई."

"मी तुला पोटच्या लेकीवानी वागविलं," केवळाबाई म्हणाल्या.

"हाव. लई माया केलीत. आरतीवर केलीत. माझं नाव तनुजा हाय. आजपासून ह्या पाटावर मी बसायची न्हाई आन त्या नावाला ओ बी द्यायची न्हाई."

बाहेर गल्लीत भंगारवाला ओरडत गेला. केवळाबाई पाटावरच्या त्या चांदीच्या बाईकडे बघत राहिल्या, खूप वेळ. त्यांचं तोंड हलत होतं. मग त्यांनी विचारलं, आणि त्या विचारण्यात राग नव्हता, "मंग माझी आरती कोन व्हती?"

ह्याची तयारी तनुजाने केली नव्हती. भांडणाची केली होती, शिव्यांची, छातीत कळ आल्याच्या सोंगाचीही. या म्हातारीचंही माणूस आपण आत्ता हिरावून घेतलं, हे तिला दिसलं, आणि क्षणभर वाटलं की चुकलं, बसावं पाटावर, खावी खीर, एवढी खाल्ली तर आणखी एक वाटी काय. पाय तसे वळलेही. मग कांद्याचा वास आला. "मला ठावं न्हाई," ती म्हणाली. "तुमच्या मनात व्हती, तितंच राहू द्या. तिला तुमी सांभाळा. मपल्या बहिनीला मी घिऊन चालले." आणि ती पाटाशेजारी जमिनीवर बसली, गडीमाणसं जेवायच्या आधी, कुणी न सांगता, गोदाक्काच्या ताटातली अर्धी भाकरी मोडून घेतली आणि जेवली. ठेचा तिला कधीच सोसायचा नाही. डोळ्यांतून धारा लागल्या. तिने पुसल्या नाहीत.

दुपारी निघताना केवळाबाईंनी तोंड भिंतीकडे केलेलं होतं. बालाजी पुढे, तनुजा मागे, असे दोघं बसस्थानकावर आले. नांदेडची गाडी लागलेली होती आणि दाराशी झुंबड. बालाजी सवयीने धावला, खिडकीतून रुमाल टाकला, मग धक्के खात आत चढला आणि दोन जागा धरून बसला. तनुजा नळाजवळच्या खांबापाशी थांबली. टाक तिने कमरेच्या पिशवीत ठेवला होता. गळा हलका लागत होता, चुकून काही हरवल्यासारखा. बालाजीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"आरती! ए आरती, ये की!"

ती गाड्यांचा फलक वाचत राहिली. कॉलेजची बॅग पाठीला असलेल्या एका मुलीने चमकून वळून बघितलं, ती बहुतेक खरोखरची आरती असावी. खिडकीतल्या अनोळखी माणसाला बघून तिने मान फिरवली. "अगं ए!" बालाजी ओरडला. "ऐकू येत न्हाई का? रेणुकाची आई!" ही हाक आधी पुरली असती. आज नाही. कंडक्टरने दार ओढून घेतलं, घंटी मारली, गाडी एक हिसका देऊन हलली. जाऊ दे गेली तर, तिने मनाशी म्हटलं, आणि तिला आश्चर्य वाटलं की हे तिने रागाने म्हटलं नव्हतं. दीड तासाने दुसरी आहे. नाहीतर शिरूरची आहे. ती खांबाला टेकून उभी राहिली आणि खिडकीकडे पाहिलं नाही. तिला त्याचा चेहरा न बघताही दिसत होता. चाळीस माणसं, त्यांतली निम्मी ओळखीची निघतील असं गाव, आणि तोंडात कधी न आलेला शब्द. गाडी मागे सरली, वळायला थांबली.

"तनुजा," बालाजी म्हणाला.

पहिल्याच हाकेला तिला ऐकू आलं होतं. तरी ती हलली नाही. ड्रायव्हरने भोंगा वाजवला.

"तनुजा!" तो ओरडला, एवढ्या मोठ्याने की रसवंतीवरचे लोक वळून बघायला लागले. "तनुजा, गाडी चालली गं!"

कंडक्टरने वैतागून दार पुन्हा उघडलं, अर्धं अंग बाहेर काढलं आणि खांबाकडे हात केला. "ओ तनुजाबाई," तो म्हणाला, "यायचंय का न्हाई तुमाला?"

"यायचंय की," ती म्हणाली, आणि पिशवी उचलून, चपला वाजवत, सावकाश निघाली.